उतारा कशावर मागायचा?

१५ एप्रिलची सकाळ. परभणीच्या रेल्वे स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर आदल्या रात्रीच्या मिरवणुकीचा निळा गुलाल अजून पडलेला होता. पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. तेवढ्यात विशीतला एक तरुण आला. केसांत गुलाल, कपाळावर निळी पट्टी, डोळे तांबारलेले. बाकड्यावर बसला, दोन्ही हातांनी डोके धरले आणि टपरीवालीला म्हणाला, ‘‘मावशे, डोस्कं लई ठणकायलंय. कायतरी उतारा दे की.’’

मावशीने लिंबू पिळून पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, ‘‘लेकरा, काल बाबाची जयंती होती. अन् आज तू उतारा मागायलास?’’

पोराने मान खाली घातली. ग्लास संपवला आणि निघून गेला. मावशीचे शब्द मात्र आमच्या डोक्यातून गेले नाहीत. त्याने मागितलेला ‘उतारा’ हा शब्दही गेला नाही. आमच्या मराठवाड्यात या एका शब्दाचे किती अर्थ आहेत! विंचू चावला की त्यावर उतारा. नजर लागली म्हणून तिकाटण्यावर लिंबू-नारळ टाकतात, तोही उतारा. तलाठ्याकडून मिळतो तो सातबाराचा उतारा. आणि रात्री चढलेली सकाळी उतरवण्यासाठी घेतात तोही उताराच. या शेवटच्या उताऱ्याबद्दल आज आम्हाला समाजबांधवांशी बोलायचे आहे. गंमत म्हणून नव्हे. ज्या समाजाला बाबासाहेबांनी नव्या माणसाच्या जन्माची दीक्षा दिली, त्या समाजाच्या घरात सकाळ कशी उजाडते, हा चळवळीचाच प्रश्न आहे.

क्रियापदांनाही जात असते!

दारूसाठी मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे भाकरीसाठीही नसतील. परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, कुठेही जा. दारू ‘मारतात’, ‘लावतात’, ‘टाकतात’, ‘ठोकतात’. मग माणूस ‘टाइट’ होतो, ‘टुन्न’ होतो, ‘टल्ली’ होतो, ‘तर्र’ होतो. बाटली उभी असेल तर ‘खंबा’, चपटी असेल तर ‘चपटी’. १८० मिलीची ‘क्वार्टर’, ९० मिलीची ‘नव्वद’. सोबत फुटाणे-शेंगदाण्याचा ‘चकणा’. ऐकायला मजा वाटते. पण या शब्दांच्या आड एक वर्णव्यवस्था लपलेली आहे, हे आम्ही ध्यानात घेतो काय?

साहेब ‘ड्रिंक घेतात’. प्राध्यापक मंडळी ‘बसतात’. ‘आज बसायचं का?’ असे एकमेकांना विचारतात, जणू वर्गातच बसायचे आहे. गुत्तेदार ‘पार्टी देतात’. आणि दिवसभर वीटभट्टीवर विटा वाहणारा आमचा माणूस मात्र ‘ढोसतो’! साहेबांना ‘जरा जास्त झाली’ म्हणून ड्रायव्हर सांभाळून घरी नेतो. मजूर ‘पिऊन पडला’ म्हणून रस्त्यावर पोरे दगड मारतात. बाटलीतले रसायन तेच, शरीरात होणारी क्रियाही तीच. शब्द मात्र वेगळे. साहेबांसाठी ते शिष्टाचाराचे, मजुरासाठी शिवीचे. भाषेतली ही विषमता कोणत्या धर्मग्रंथाने सांगितली नाही, पण ती पाळली जाते काटेकोरपणे.

आणि मग ‘ही माणसे अशीच, पिणारी’ असा शिक्का आमच्या वस्तीवर मारला जातो. वास्तविक आकडे काय सांगतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी सुमारे १९ जण दारू पितात आणि शंभर स्त्रियांपैकी जेमतेम एक. म्हणजे शंभरातले ८० हून अधिक पुरुष पीत नाहीत. न पिणे हाच या देशाचा रिवाज आहे, पिणे हा अपवाद आहे. तरीही पिणारा म्हटला की डोळ्यांसमोर वस्तीतलाच माणूस का उभा केला जातो? मराठी रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला दारुडा कोण? राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील सुधाकर. तो शिकला-सवरलेला वकील आहे. त्याच नाटकातील तळीरामाचे नाव वर्तमानपत्रांनी असे लाडाने उचलले की ड्राय डे आला की ‘तळीरामांची पंचाईत’ म्हणून मथळे झळकतात. सुधाकराच्या बायकोचे, सिंधूचे काय झाले, हे मात्र मथळ्यात येत नाही.

गुत्ता म्हणजे काय?

आमच्याकडे दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात. रस्त्याचे, पुलाचे काम घेणाऱ्या ठेकेदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात. हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. गुत्ता म्हणजे मक्ता. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देत असे. जो जास्त बोली बोलेल त्याला गुत्ता. त्याने सरकारला रक्कम भरायची आणि ती व्याजासकट रयतेच्या घशातून वसूल करायची. जमीन महसुलाच्या जोडीने आबकारीचे उत्पन्न निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. निजाम गेला, संस्थान गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. शेर-छटाक जाऊन लिटर-मिलिलिटर आले, तरी पिणाऱ्याच्या तोंडी ‘पावशेर’ राहिला. आणि गुत्ताही राहिला. शब्द टिकला, कारण व्यवहार टिकला.

म्हणून आमचे म्हणणे असे की, दारूचे शब्द नीट ऐकावेत. ‘टुन्न’, ‘टल्ली’ हे शब्द पिणाऱ्याकडे बोट दाखवतात. ‘गुत्ता’ हा एकच शब्द पाजणाऱ्याकडे बोट दाखवतो.

सातासमुद्रापलीकडची तीच गोष्ट

हा प्रकार आपल्याच देशात आहे असे समजू नका. जिथे जिथे माणसाला माणूस म्हणून नाकारले गेले, तिथे तिथे त्याच्या हातात बाटली देण्याची व्यवस्था केली गेली. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घ्या. तिथे वर्णद्वेषाची राजवट होती आणि तिच्याविरुद्ध काळ्या जनतेने दिलेला लढा आपल्या चळवळीला नेहमीच जवळचा वाटत आला आहे. त्या देशातही दारूच्या शब्दांचा सुकाळ आहे. दारूच्या दुसऱ्या दिवशी डोके धरते त्याला तिथे ‘बाबालास’ म्हणतात. हा शब्द झुलू भाषेतून आला आणि गोऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेतही जाऊन बसला. डोकेदुखी दोन्ही रंगांची एकच! आणि त्या बाबालासवर सकाळी जो उपाय करतात, पुष्कळदा दारूचाच आणखी एक घोट, त्याला आफ्रिकान्समध्ये ‘रेखमाकर’ म्हणतात. म्हणजे ‘नीट करणारा’. आमच्या ‘उताऱ्या’चा हा सख्खा भाऊ.

तिसरा शब्द ‘डोप’. डोप म्हणजे दारूचा घोट. बोलीत परीक्षेत नापास होण्यालाही ‘डोप’ म्हणतात. पण या छोट्या शब्दामागे मोठा काळा इतिहास आहे. केपच्या द्राक्षमळ्यांवर गोरे मालक मजुरांच्या मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देत. दिवसातून अनेक वेळा डबडे भरून स्वस्त वाइन पाजायची आणि कामाला जुंपायचे. हीच ती ‘डोप पद्धत’. मजूर व्यसनी झाला की मळा सोडून जाणार कुठे? साखळदंडाची गरजच उरत नाही. कायद्याने ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद झाली तरी ती १९९० च्या दशकापर्यंत ठिकठिकाणी चालू होती. तिचे व्याज पोटातली पोरे आजही फेडतात. आईने गरोदरपणी घेतलेल्या दारूमुळे मेंदूची वाढ खुंटलेली मुले जन्माला येण्याचे प्रमाण त्या भागात जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे.

शहरांतही तोच डाव. १९०८ मध्ये नाताळ वसाहतीत कायदा झाला आणि डर्बन नगरपालिकेने काळ्यांना बिअर विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. म्हणजे नगरपालिकाच गुत्तेदार! त्या नफ्यातून काळ्यांवर राज्य करण्याचा खर्च भागवला जाई. आपल्याच पैशाने आपलीच बेडी. पण लोक गप्प बसले नाहीत. १९२९ मध्ये डर्बनच्या कामगारांनी या बिअर हॉलवर बहिष्कार टाकला. १९५९ मध्ये डर्बनच्याच केटो मॅनर वस्तीत स्त्रिया काठ्या घेऊन बिअर हॉलवर चालून गेल्या. १९७६ मध्ये सोवेटोची शाळकरी पोरे रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांनी सरकारी दारूची दुकाने पेटवली. आम्हाला दारू नको, शिक्षण हवे, असे त्या मुलांचे म्हणणे होते. गोळ्या झेलणाऱ्या त्या मुलांना जे समजले, ते मिरवणुकीत डीजेपुढे झिंगून नाचणाऱ्या आमच्या मुलांना कोण समजावणार?

उताऱ्याचे खरे-खोटे

आता परभणीच्या सकाळीकडे परत येऊ. उतारा म्हणून आमच्याकडे काय काय चालते? लिंबूपाणी. मीठ-जिरे घातलेले ताक. ज्वारीची आंबील. वाटीभर दही. काळा चहा. झणझणीत रस्सा, कुणी पायाचा रस्सा. डोक्यावर गार पाण्याच्या दोन बादल्या. मेडिकलवरून आणलेली डोकेदुखीची गोळी. आणि हे सर्व फसले की सर्वांत ‘रामबाण’ म्हणून सांगितला जाणारा उपाय, सकाळी सकाळी पुन्हा अर्धी क्वार्टर. लोक खास करून त्यालाच ‘उतारा’ म्हणतात.

विज्ञानाच्या कसोटीवर हे घासून पाहू. तथागतांनी स्वतःचे म्हणणेही तपासून घ्यायला सांगितले, मग टपरीवरचे औषध का तपासू नये? दारू पोटात गेली की यकृत तिचे आधी असिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात आणि मग असिटेटमध्ये रूपांतर करते. मधल्या या विषाने मळमळते, छाती धडधडते. शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दारू दाबून टाकते, म्हणून लघवी जास्त होते, तोंड कोरडे पडते. पोटाच्या अस्तराची आग होते. झोप लागल्यासारखी वाटते पण ती तुटक असते. या सर्वांची गोळाबेरीज म्हणजे सकाळचे ठणकणारे डोके.

आता हिशेब करू. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूत ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकामी करते. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते नऊ तास! रात्री दहाला घेतलेली क्वार्टर सकाळी सहाला पालक बांधणाऱ्या गवंड्याच्या रक्तात अजून असू शकते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या, उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याच्या रक्तातही. यकृताची ही गती लिंबाने वाढत नाही, चहाने वाढत नाही, आंघोळीने तर मुळीच वाढत नाही. चहा पिऊन दारुडा शुद्धीवर येत नाही, फक्त जागा दारुडा होतो.

मग ताक-आंबील निरर्थक आहे काय? तसे नव्हे. पाणी, मीठ आणि थोडे अन्न पोटात गेल्याने कोरडे पडलेले शरीर सावरते. आमच्या आया-बहिणींनी अनुभवाने शोधलेला हा उपाय डोकेदुखीच्या गोळीपेक्षा कितीतरी शहाणपणाचा आहे. पॅरासिटामॉल दारूच्या जोडीने यकृतावर घाव घालू शकते आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आधीच सोललेल्या जठराला आणखी सोलतात. पण ताकाने आराम पडतो, दारू उतरत नाही, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा उपायांवरील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. एकही उपाय खात्रीचा ठरला नाही. न पिणे किंवा कमी पिणे, एवढाच मार्ग उरला.

आणि सकाळची अर्धी क्वार्टर? ती तर शुद्ध फसवणूक आहे. तिने डोके थोडा वेळ थांबते, कारण मेंदू पुन्हा गुंगतो. कर्ज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून दुसरे कर्ज काढावे, तसा हा प्रकार. उतारा म्हणून घेतलेली सकाळची दारू हीच कायमच्या व्यसनाची पहिली पायरी असते. ज्या दिवशी माणसाला सकाळी हात कापतात म्हणून प्यावी लागते, त्या दिवसापासून तो दारू पीत नाही, दारू त्याला पिते.

पहिल्या धारेचा खोटा मान

हातभट्टीची तऱ्हा आणखी भयंकर. गूळ कुजवायचा, त्यात नवसागर टाकायचा, ते ‘रसायन’ भट्टीवर चढवायचे. पहिली जी वाफ थंड होऊन टपकते ती ‘पहिल्या धारेची’. पिणाऱ्यांत तिचा मोठा मान. वास्तविक लवकर उडणारी असिटाल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये याच पहिल्या धारेत जास्त उतरतात. म्हणजे ज्या विषाने सकाळी डोके फुटते, त्याच विषाला आम्ही ‘एक नंबर माल’ म्हणतो!

आणि त्यात नफेखोराने स्वस्तातले मिथेनॉल मिसळले की संपलेच. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक ॲसिड होते आणि डोळ्यांची नस जळते. आधी नजर जाते, मग जीव. २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीला विषारी दारूने ८७ माणसे मारली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली. मरणारे कोण होते? झोपडपट्टीत राहणारे, हातावर पोट असणारे. पिल्यानंतर दहा-बारा तासांनी डोळ्यांपुढे धुके आले, पोटात कळा आल्या, श्वास जड झाला तर ती ‘रात्रीची उतरली नाही’ म्हणून ताक पाजत बसू नका. ते मिथेनॉल असू शकते. ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा. तासाभराचा उशीरही डोळे घेऊन जातो.

क्वार्टर आणि पाव मजुरी

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूचे दर वाढवले. १८० मिली देशी दारूची किमान किंमत ८० रुपये, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड’ दारूची १४८ रुपये आणि विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूची २०५ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ठरली होती दिवसाला ३१२ रुपये. ३१२ चे चार भाग करा. एक भाग ७८ रुपयांचा. म्हणजे देशीची एक क्वार्टर मजुरीचाही पाव भागाहून थोडा जास्तच हिस्सा खाऊन टाकते! रोज एक धरली तर वर्षाला २९,२०० रुपये. एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च गुत्त्यावर वाहून गेला. राज्याच्या तिजोरीत दारूपासून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर महसूल जमा होतो. त्यात आमच्या वस्तीतल्या घामाचे किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आणि आमची ज्वारी? मराठवाड्याची ज्वारी म्हणजे गरिबाची भाकर. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे वाण काढले ते लेकरांच्या पोटात भाकर जावी म्हणून. २००७ नंतर राज्यात धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदाने देण्याचे धोरण आले तेव्हा भाकरीची दारू होणार म्हणून मोठी ओरड झाली. ज्वारीची आंबील हा उतारा आणि त्याच ज्वारीची दारू! एकाच कणसातून विष आणि औषध काढण्याची ही कोणती शहाणीव?

पालम, सोनपेठ, गंगाखेडकडची जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल अंगावर असते. उचल घेतली नवऱ्याने, फेडायची दोघांनी. त्या उचलीतली काही रक्कम गुत्त्यावर गेली की कोयता आणखी एक हंगाम चालवावा लागतो. केपच्या मळ्यावरची डोप पद्धत आणि आमची उचल यांत फरक एवढाच की तिथे मालक स्वतः पाजत होता, इथे मजूर स्वतःच्या पायाने जातो. पण साखळी तीच आहे. मग कधीतरी अंगठा उठतो आणि दोन एकरांचा तुकडाही जातो. रात्रीचा उतारा शोधता शोधता सातबाराच्या उताऱ्यावरून नाव उतरते. या दोन उताऱ्यांचे नाते आमच्या बापजाद्यांनी भोगले आहे.

बाबासाहेबांचा मार्ग कोणता?

काही जण विचारतात, मग सरकारने सरसकट दारूबंदी करावी काय? येथे बाबासाहेबांची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदीला विरोध आहे. बंदीमुळे सरकारचे उत्पन्न बुडते, शिक्षणाला पैसा उरत नाही आणि दारू घराघरांत गाळली जाऊन बायका-मुलेही तिच्यात ओढली जातात, असा तो व्यवहारी विचार होता. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हा याच मुद्द्यांवर वाद झाला.

पण म्हणून बाबासाहेब दारूच्या बाजूचे होते काय? मुळीच नाही! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील तेच सांगते. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांशी बोलताना त्यांनी दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका, असा सडेतोड सल्ला दिला होता. कायद्याच्या दंडुक्यावर त्यांचा भरवसा नव्हता, माणसाच्या शीलावर होता. पोलीस बाटली फोडू शकतो, तहान फोडू शकत नाही. ती प्रतिज्ञेनेच सुटते. त्यांच्याही आधी, १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेतला होता. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगितले. आमची परंपरा ही आहे.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाला नशेचे सहा तोटे सांगितले. धनाची हानी, भांडणतंटे, रोग, बदनामी, लाज सुटणे आणि बुद्धी क्षीण होणे. त्यात स्वर्ग-नरकाची भीती नाही. सगळे या जन्मीचे, घरातले, डोळ्यांना दिसणारे तोटे. अडीच हजार वर्षांनी डॉक्टर याहून वेगळे काय सांगतात?

आणि मायमाऊल्यांच्या हातात एक साधन आहे. २००८ च्या सरकारी आदेशाने गावातील किंवा वॉर्डातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारू दुकानाबाबत गुप्त मतदानाची तरतूद केली. चिन्हे दोन. ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान राहू द्या, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई मतदानाला गेलीच नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला पडल्यासारखे होते. गुत्तेदाराला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो मतदानाच्या दिवशी बायकांना कामावर, गावाला धाडण्याची व्यवस्था करतो. केटो मॅनरच्या बायांच्या हातात काठ्या होत्या, आमच्या बायांच्या हातात बाबासाहेबांनी दिलेले मत आहे. ते घराबाहेर काढले पाहिजे.

खरा उतारा

एक सावधगिरीचे बोलणे राहिले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, नसलेले दिसणे, असे जिवावर बेतू शकते. घरचे घाबरून त्याला पुन्हा पाजतात किंवा देवऋषाकडे नेऊन तिकाटण्यावर उतारा टाकतात. दोन्ही चूक. तो आजार आहे, भूतबाधा नव्हे. त्याला डॉक्टरकडे न्या. सरकारी रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञ औषधे देऊन ही अवस्था पार करून देतात. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये उभारलेल्या ‘मुक्तांगण’मधून हजारो माणसे उठून कामाला लागली आहेत. व्यसनी माणसाला ‘बेवडा’ म्हणून हिणवू नका. आम्हाला हजारो वर्षे नावे ठेवली गेली, आता आपण आपल्याच माणसाला नाव ठेवायचे काय?

आम्ही पुढच्या वैशाखापासून सुरुवात करा असे म्हणत नाही, आजपासून करा असे म्हणतो. जयंती मंडळांनी वर्गणीच्या पावतीवर एक ओळ छापावी : या मंडळाच्या मिरवणुकीत पिलेला माणूस चालणार नाही. डीजेचे भाडे अर्धे करून उरलेल्या पैशात वस्तीतल्या पोरांसाठी अभ्यासिका काढावी. वंदनेच्या वेळी पाचवे शील म्हणताना ज्याचा आवाज अडखळतो, त्याच्या खांद्यावर शेजाऱ्याने हात ठेवावा. विहारात आठवड्याला एक दिवस दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक घ्यावी. तिथे कोणी कोणाला टुन्न, टल्ली म्हणणार नाही.

त्या सकाळचा तो तरुण आम्हाला चार दिवसांनी पुन्हा त्याच टपरीवर दिसला. डोळे निवळलेले, हातात स्पर्धा परीक्षेचे पुस्तक. आम्ही काही बोललो नाही. मावशीने मात्र चहा ओतता ओतता विचारले, ‘‘काय लेकरा, उतारा पाहिजे का?’’

तो हसला आणि पुस्तक वर करून म्हणाला, ‘‘सापडलाय मावशे. जयभीम!’’

‘‘जयभीम,’’ मावशी म्हणाली, आणि त्याच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.